सकाळची वाळू, दुपारची वाळू: थंडीत बग्गी नेताना

प्रश्न थोडक्यात असा: "काका, आम्ही तिघे मित्र. कॉलेजात असताना बाहा स्पर्धेच्या (विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधून पळवायची स्पर्धा) टीममध्ये होतो, आता हिंजवडीत नोकऱ्या करतो. पिरंगुटजवळ एका शेडमध्ये दीड वर्ष खपून वाळूत चालवायची उघडी बग्गी केली. पाइपची चौकट, मागे मारुती ८०० चं कार्ब्युरेटरवालं इंजिन. मुळशीकडे मित्राच्या रानात झकास चालते. डिसेंबरात जैसलमेर, परतताना कच्छचं रण आणि जमलं तर पुढच्या वर्षी लडाख असा बेत आहे. थंडीसाठी गाडीत काय काय बदल करायचे?"

मुळशीत झकास चालते, तिथेच घोळ आहे. पुण्याची थंडी ती केवढी! पारा आठ-दहावर आला, पाषाणला आणखी थोडा उतरला, की आपण मफलर गुंडाळून टेकडीवर जातो आणि दहा वाजता स्वेटर कमरेला बांधून वैशालीत बसतो. गाडीला ही थंडी कळतसुद्धा नाही. त्यातून मित्राचं रान म्हणजे मुरूम आणि माती. वाळू हा प्राणीच वेगळा.

तुम्ही विचारताय, पारा किती उतरला की काय बदलायचं. गेली वीसेक वर्षं बग्ग्या बांधतोय आणि त्याहून जास्त वेळा त्या रुतलेल्या काढतोय. माझं म्हणणं, आकड्याला फार भाव देऊ नका. दोनच गोष्टी बघा: पहाट आणि दुपार यांत फरक किती पडतो, आणि हवेत ओल किती आहे. जैसलमेरला डिसेंबरात पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरू शकतो, दुपारी पंचवीसच्या आसपास जातो. म्हणजे एकाच दिवसात तुम्ही दोन वेगळ्या मुलखांत गाडी चालवता. रणात ओल जमिनीच्या पोटात असते. लडाखात ओल जवळपास नाहीच. तिथे हवाच विरळ. तिन्ही ठिकाणी एकच सेटिंग चालणार नाही.

आधी वाळू. इंजिनाचं नंतर बघू, कारण थंडीत बग्गी बंद पडते त्याच्या दसपट वेळा ती रुतते.

वाळवंटात हिवाळ्याच्या रात्री दव पडतं. वरचा जेमतेम बोटभर थर ओलसर होतो, कणांमध्ये पाण्याची पातळ फिल्म तयार होते आणि ती कणांना एकमेकांकडे ओढून धरते. लहानपणी किनाऱ्यावर ओल्या वाळूचा किल्ला केला असेल, तेच हे. सकाळी आठ-साडेआठला धोऱ्यावर, म्हणजे वाळूच्या टेकडीवर, पाय ठेवलात तर बूट रुतत नाही, बारीक पापड मोडल्यासारखा आवाज येतो. ऊन वर आलं की हा पापड सुकतो आणि खालची कोरडी, गोल दाण्यांची वाळू उघडी पडते. वाऱ्याने घासून घासून तिचे दाणे इतके गुळगुळीत झालेले असतात की ती बांधकामालाही चालत नाही. एकमेकांत अडकायला कोपरेच नाहीत.

आता टायर. सकाळी पाच अंशांत तुम्ही हवा तपासता आणि वाळूसाठी दहा पौंड ठेवता. तुमच्या वजनाच्या गाडीला ते बरोबरच आहे. दुपारी हवा तापते, चालवून टायरही तापतो, आणि त्याच दहाचे बारा-तेरा होतात. म्हणजे वाळू मऊ होत जाते नेमक्या त्याच वेळी टायर कडक होतो, जमिनीला टेकणारा पट्टा कमी होतो. दोन्ही गोष्टी तुमच्या विरोधात. उन्हाळ्यात हा गोंधळ फारसा होत नाही, कारण सकाळीसुद्धा वाळू कोरडीच असते.

हे मी जैसलमेरजवळच्या खुरीच्या पुढे शिकलो. सकाळी पावणेनऊला एक धोरा तिसऱ्या गिअरमध्ये असा चढलो की बरोबरच्यांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी अडीचला परत यायचं होतं. वाटलं, आपलीच चाकोरी आहे, ओळखीची वाट. तिथेच चुकलो. सकाळी माझ्याच चाकांनी पापड मोडला होता, त्यामुळे चाकोरीतली वाळू आजूबाजूच्यापेक्षा आधी आणि जास्त सुकली होती. अर्ध्यावर गाडी बसली. मी शहाण्यासारखा ॲक्सिलरेटर दाबला आणि मागची चाकं एक्सलपर्यंत गाडून घेतली. टायरला गेज लावलं तर तेरा पौंड. सकाळी मीच दहा ठेवले होते. हवा आठवर आणली, चाकांपुढची वाळू हातांनी ओढून काढली आणि गाडी पुढे न्यायच्या ऐवजी उताराच्या दिशेने मागे घेतली. निघाली. चढावर अडकलेली गाडी पुढे काढण्याची हौस फक्त व्हिडिओसाठी चांगली.

म्हणून दुपारी बारा-एकला परत गेज लावायचं. हा नियमच करा. आणि संध्याकाळी पुन्हा. कारण दुपारी नऊवर आणलेली हवा सूर्य बुडाल्यावर साताकडे सरकते, आणि एवढ्या कमी हवेवर जोरात वळण मारलं की टायर रिममधून निघतो. अंधारात, गार वाऱ्यात, वाळूवर जॅक लावून टायर रिमवर परत चढवायचा कार्यक्रम एकदा केला की माणूस आयुष्यभर गेज खिशात ठेवतो. जॅकखाली लावायला जाड प्लायचा दीड फुटी तुकडा घ्या. नाहीतर गाडी वर उचलली जाण्याऐवजी जॅकच खाली जातो.

उजेडाचंही बघा. डिसेंबरच्या शेवटी जैसलमेरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम चाळीस अंश वर असतो आणि सहाच्या सुमारास बुडतो. सकाळ-संध्याकाळ तो थेट डोळ्यांवर येतो. पश्चिमेकडे तोंड करून माथा ओलांडताना पलीकडे काय आहे ते दिसतच नाही. धोऱ्याची वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि सावकाश चढणारी असते, पलीकडची बाजू बत्तीस-चौतीस अंशांवर तुटलेली आणि मऊ. माथ्यावर थांबा, एकाने उतरून बघून यायचं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. उतरताना गाडी सरळ नाकावर ठेवा. तिरकी झाली की वरचं चाक हलकं होतं आणि मग रोल केज, म्हणजे डोक्यावरचा पाइपचा पिंजरा, कितपत बळकट आहे ते कळतं. कॅलिफोर्नियाच्या सरकारी वाळूपट्ट्यांवर बग्गीला जमिनीपासून आठ फुटांवर केशरी किंवा लाल झेंडा लावावाच लागतो, माथ्यापलीकडच्याला तुम्ही येताय हे दिसावं म्हणून. तुम्हीही लावा. केशरी झेंडा शोधायची वेळ पुण्यात कुणावर येत नाही.

आता इंजिन. पहिला प्रश्न: थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह आहे का? होज काढून बघा, कारण मला जवळपास खात्री आहे की नसेल. आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींचा हा आवडता उद्योग: गाडी गरम होते ना, काढून टाक व्हॉल्व्ह. पुण्यात खपून जातं. पण व्हॉल्व्ह नसेल तर थंड पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. पाच अंशांत, पुढून वारा खात, इंजिन कधी कामाच्या तापमानाला येतच नाही. चोक लवकर आत ढकलता येत नाही, पेट्रोल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून ते खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय. नवीन व्हॉल्व्ह बसवा, काही शेकड्यांचं काम आहे. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असेल तर लांब होजमध्ये हवा अडकते. गाडीचं नाक चढावर उभं करून कॅप उघडी ठेवून बुडबुडे काढून घ्या.

आणि पाणी नको, कूलंट घाला. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. जैसलमेरला गोठण्याची भीती नाही, पण लडाखचा विषय तुम्हीच काढलाय.

एअर फिल्टरकडे कुणी बघत नाही. रात्री बग्गी उघड्यावर असते, फिल्टरवर दव बसतं, सकाळी निघाल्यावर पुढच्या गाडीची धूळ त्यावर येते. धूळ कोरडी असती तर झटकून निघाली असती. ओलीची पिठल्यासारखी खपली होते. गाडी ओढत नाही, काळा धूर मारते, आणि सगळे कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) उघडून बसतात. रात्री फिल्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि सकाळी आठवणीने काढा.

ओलीवरून आठवलं. माझी पहिली बग्गी फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावर होती. बग्गीची मूळ जातच ती: ब्रूस मायर्सने १९६४ साली कॅलिफोर्नियात बीटलचे भाग घेऊन फायबरग्लासची 'मायर्स मँक्स' केली. दार नाही, छत नाही, हीटर नाही. किनाऱ्यावरच्या गाडीला थंडीचं काय घेणंदेणं! तर ही माझी गाडी जानेवारीच्या एका धुक्याच्या सकाळी ताम्हिणीच्या रस्त्यालगतच्या एका खासगी रानात वीसेक मिनिटं चालली की घुसमटून बंद पडायची. पाच मिनिटं थांबलं की सेल्फला लगेच सुरू. मिस्त्रीने प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोल पंप उघडला. चौथ्या वेळी मी वाकून बघितलं तर कार्ब्युरेटरखालच्या मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाकडे मिश्रण नेणाऱ्या, नळीवर पांढरं हिम! हवा दहा-अकरा अंशांची, शून्याच्या आसपासही नाही. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, हवेतली ओल नळीत गोठते आणि वाट अरुंद होते. गाडी थांबली की इंजिनाच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि तुम्हाला वाटतं, आपोआप दुरुस्त झाली. त्या नळीला सायलेन्सरची गरम हवा देणारी बारीक वाहिनी असते. ती काजळीने बुजली होती. साफ केली, प्रश्न मिटला. तुमच्या इंजिनाच्या मॅनिफोल्डला कूलंटची ऊब मिळते, पण बग्गीत बसवताना ती वाहिनी कुणी बंद केली असेल तर? बघून घ्या. नेमक्या धुक्याच्या सकाळी ती दगा देईल, कडक थंडीत नाही, कारण फार थंड हवेत ओलच कमी असते.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल येतं आणि ते पाणी ओढतं. तुमची गाडी सोमवार ते शुक्रवार शेडमध्ये उभी. अर्धी टाकी रिकामी ठेवली तर रिकाम्या भागात रात्री ओल धरते. उभी करताना टाकी भरून ठेवा. जुन्या कार्ब्युरेटरचे रबरी भाग आणि पेट्रोलचे पाइपही बदलून टाका.

माणसांचं थोडक्यात. पाच अंश थंडीत पन्नासच्या वेगाने उघड्या गाडीत बसलात तर अंगाला ती शून्याखालची लागते. आधी बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटांनी स्टिअरिंग आवळून धरलं जातं. वाळूत चाक खड्ड्यात आपटलं की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा आत असेल तर मोडतो. अंगठे रिमच्या बाहेर ठेवायची सवय मुळशीतच लावा. दुसरं, फुगीर जॅकेटवर हार्नेस (सीटचे पट्टे) आवळू नका. तो आवळलेला वाटतो, पण गाडी उलटली की जॅकेट दाबलं जातं आणि पट्टा दोन-तीन बोटं सैल पडतो. आत गरम कपड्यांचे दोन-तीन पातळ थर आणि वर विंडचीटर, बस्स.

रणाबद्दल मला जास्त काळजी वाटते. तिथे वाळू नाहीच. पावसाळ्यात आलेलं पाणी हिवाळ्याकडे आटतं, वर मिठाचा कडक थर राहतो आणि खाली काळा चिखल. तो थर दिसायला सिमेंटचा रस्ता! डिसेंबरात कडेचा भाग सुकलेला असतो, मधला नसतो, आणि कुठे काय हे वरून कळत नाही. साधारण खूण अशी: जमीन तपकिरी, कोरडी, भेगाळलेली असेल तर ठीक, रंग गडद झाला, पृष्ठभाग चमकायला लागला किंवा चाकाच्या खुणेत पाणी चमकलं की तिथल्या तिथे थांबा आणि आपल्याच खुणांवरून मागे या. वळू नका. आमच्यातल्या एकाने वळायचा प्रयत्न केला होता. गाडी पोटावर बसली, आणि चिखलाने अशी धरून ठेवली की दोन गाड्यांनी ओढून दुपारचे चार तास गेले. त्यात हवा कमी करणं फारसं कामाला येत नाही. पोट टेकलं की चाकांना काही करता येत नाही. म्हणून स्थानिक वाटाड्याशिवाय आत जाऊ नका. छोट्या रणात घुडखरांचं, म्हणजे रानगाढवांचं अभयारण्य आहे आणि पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा. पुण्यात आल्यावर धुऊ म्हणालात तर तेवढ्या लांबच्या प्रवासात मीठ वायरिंगच्या जोडांत आणि बेअरिंगमध्ये आपलं काम करून मोकळं होतं.

जैसलमेरबद्दल एक राहिलंच. समच्या आणि खुरीच्या बाजूला डेझर्ट नॅशनल पार्क पसरलंय. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला जो माळढोक पक्षी आता जवळपास दिसत नाही, त्याचं देशातलं मुख्य ठिकाण ते. हद्द कुठे आहे हे वनखात्याकडून विचारून घ्या आणि जमिनीच्या मालकाशी बोलून ठेवलेल्या पट्ट्यातच चालवा. आरटीओची नोंद नसलेली घरची बग्गी रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे तिथपर्यंत ट्रेलरच. आणि कोकणात किनाऱ्यावर सराव करू असं मनात असेल तर ते काढून टाका. हिवाळा म्हणजे तिकडे कासवांच्या अंड्यांचे दिवस.

लडाखला बग्गी नेऊ नका असं माझं सरळ मत आहे. जानेवारीत ट्रेलर पोहोचणं कठीण, मनालीकडचा रस्ता बर्फाने बंद असतो. आणि नुब्रा खोऱ्यातल्या हुंदरच्या वाळूवर गाडी घालायला मनाई आहे, पोलीस दंड करतात. वाळूचा पट्टा लहानसा आहे. दोन कुबडांचे उंट तिथे शोभतात, आपण नाही. तरी ऑक्टोबरात लेहपर्यंत गेलातच, तर रात्री पारा शून्याखाली जातो हे धरून चला. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी असेल तर ते गोठून फुगतं आणि ब्लॉक तडकतो. पुण्यात घातलेलं २०डब्ल्यू-५० ऑइल सकाळी गुळाच्या पाकासारखं असतं, ५डब्ल्यू-३० घाला. बॅटरी उणे अठराला जवळपास निम्म्या ताकदीवर येते, आणि उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आगेमागे गोठूही शकते. भरलेली गोठत नाही. रात्री काढून खोलीत ठेवा.

गंमत अशी की तिथे थंडीतसुद्धा इंजिन तापतं. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांच्या आसपास उकळतं, आणि विरळ हवा रेडिएटरमधून उष्णता कमी नेते. रेडिएटरची कॅप दाब धरत नसेल तर बाहेर पाच अंश असताना कूलंट उकळेल. विरळ हवेत कार्ब्युरेटर पेट्रोल जास्त देतो, त्यामुळे मेन जेट लहान लागतो. तो बदललात तरी एक तृतीयांश ताकद गेलीच म्हणून समजा. टायरचं उलटं होतं: बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे पुण्यात दहावर ठेवलेली हवा तिथे चौदाच्या आसपास दिसते, रात्रीच्या थंडीने त्यातली थोडी परत उतरते. आणि तुम्ही तिघांनी बग्गीचा विचार केलात, पण तिला ओढणारा पिकअप डिझेलचा असेल ना? मैदानातलं डिझेल तिकडच्या थंडीत मेणासारखं थिजतं आणि फिल्टर बंद होतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे तेहतीसपर्यंत वाहणारं खास डिझेल आणलंय. वर चढल्यावर ते भरा.

वाळूची हौस खरंच दांडगी असेल तर पैसे साठवून हिवाळ्यात अमिरातीत जा. तिथला मोसमच तो. भाड्याने चांगल्या बग्ग्या मिळतात, आणि लिवाचा तल मोरीब नावाचा धोरा बघितलात की खुरीच्या धोऱ्यांना तुम्ही टेकाड म्हणाल.

सध्या एवढंच करा. निघायच्या आधीच्या शनिवारी बग्गी रात्रभर शेडबाहेर उघडी ठेवा. रविवारी पहाटे सहाला, कुणी हात लावायच्या आधी, टायरची हवा मोजून खडूने टायरवर लिहा. थंड इंजिन सुरू करा आणि चोक पूर्ण आत जायला किती मिनिटं लागतात ते बघा. मग रानात तासभर दामटा, अकराला पुन्हा हवा मोजा, डिपस्टिकचा वास घ्या, मॅनिफोल्डला हात लावून बघा. दोन्ही वेळचे आकडे आणि होजमधून काढलेल्या व्हॉल्व्हचा फोटो मला पाठवा. व्हॉल्व्ह सापडला तर.